चुकलेल्या ठोक्याचा इतिहास

'काळजाचा ठोका चुकला' असे आपण म्हणतो तेव्हा त्यात वैद्यकशास्त्र नसते. जत्रेत मूल दिसेनासे झाले, रात्री-अपरात्री दार वाजले, की ठोका चुकतो. काही माणसांचा मात्र तो काही कारण नसताना चुकतो. भात कालवताना, एसटीची वाट पाहताना. मी त्यांपैकी एक. माझ्या हृदयाची मिट्रल झडप सैल आहे. डावा खालचा कप्पा आकसला की तिच्या पाकळ्या वरच्या कप्प्याकडे फुगून झुकतात. वैद्यकाचे शिक्षण मला नाही. भद्रावतीच्या लेण्यांत आणि जुन्या शिळांवरची अक्षरे लावण्यात माझी वर्षे गेली. छातीतल्या या खटक्याला नाव कुणी दिले, आणि त्याआधी माणसे त्याला काय समजत होती, हा शोधही त्याच जातीचा निघाला.

आपल्याकडचा जुना धागा शार्ङ्गधरसंहितेत सापडतो. चरक-सुश्रुतांत नाडीपरीक्षेची स्वतंत्र पद्धत नाही. ती शार्ङ्गधराने सांगितली. वाताची नाडी साप-जळवेसारखी, पित्ताची कावळ्या-बेडकासारखी, कफाची हंस-पारव्यासारखी चालते, हे आपल्याकडे अनेकांनी ऐकलेले असते. त्याच प्रकरणात, थांबत थांबत चालणारी नाडी प्राण घेणारी, असेही म्हटले आहे. मनगटावर तीन बोटे ठेवणाऱ्या वैद्याचा चेहरा मध्येच का उतरत असेल, ते यावरून कळते. शार्ङ्गधराला यात दोष देऊ नये. वैद्याला बोलावणे येई ते माणूस अंथरुणाला खिळल्यावर. नाडी अडखळत असूनही शेतात नांगर धरणारा गडी त्याच्यासमोर हात पुढे करून बसतच नसे.

नेमकी हीच अडचण पुढे युरोपातही आली. १८१६ मध्ये पॅरिसच्या नेकर रुग्णालयात लायनेकने कागदाची सुरळी एका तरुण स्त्रीच्या छातीला लावली आणि स्टेथोस्कोपचा जन्म झाला. १८८७ मध्ये कुफे आणि बार्बियों यांनी हृदयाच्या दोन नेहमीच्या आवाजांच्या मध्ये येणाऱ्या जादा खटक्याची नोंद केली. १९१३ मध्ये गालाव्हार्दां या फ्रेंच डॉक्टराने शवविच्छेदनाच्या आधारे त्याचे कारण सांगितले: हृदयाबाहेरच्या आवरणांना चिकटलेले पदर. म्हणजे खटका हृदयाचा नाहीच. जवळजवळ पन्नास वर्षे विद्यार्थ्यांना हेच शिकवले गेले. बहुतेकांना त्यापासून धोका नाही हा निष्कर्ष बरोबर होता, कारण मात्र साफ चुकीचे. इतिहासात असे पुष्कळदा होते, आणि अशी चूक सर्वांत जास्त टिकते.

दरम्यान सैनिकांची एक वेगळी गोष्ट घडत होती. अमेरिकी यादवी युद्धातल्या जवानांची धडधड, छातीतली कळ, लवकर येणारा थकवा यांवर डा कोस्टा याने १८७१ मध्ये लिहिले. पहिल्या महायुद्धातही त्याला 'सैनिकाचे हृदय' म्हणत. १९७६ मध्ये चार्ल्स वूली या अमेरिकी हृदयतज्ज्ञाने या जुन्या आजाराचा दुवा सैल झडपेशी जोडला. मला तो पूर्ण पटत नाही. खंदकात महिनोन्महिने काढलेल्या माणसाची छाती धडधडायला झडपच सैल असावी लागते असे नाही.

या साऱ्या कथेत माझा माणूस जेम्स मॅकेन्झी. इंग्लंडमधल्या बर्नली या गिरण्यांच्या गावात तो साधा फॅमिली डॉक्टर होता. मनगटाची आणि मानेची नाडी कागदावर उमटवणारे यंत्र त्याने घडवले. पण त्याचे खरे हत्यार होते एकाच गावात काढलेली वर्षे. नाडी अडखळणारी माणसे पुढे कामाला जातात, बायका बाळंत होतात, म्हातारी होतात, हे तो पाहत राहिला. यांतले बहुतेक जादा ठोके निरुपद्रवी आहेत हे त्याला मोठ्या रुग्णालयाबाहेर राहिल्यामुळेच दिसले. १९०२ मध्ये त्याचे नाडीवरचे पुस्तक आले. लहान गावात बसून संशोधन करणाऱ्याला हे वाचून बरे वाटते, ते का ते वेगळे सांगायला नको.

आणि गंमत अशी, की आपला वाक्प्रचार इथे फसतो. ठोका बहुधा चुकलेला नसतो; तो लवकर आलेला असतो. हृदय पुरते भरायच्या आत आकसते, म्हणून तो नाडीला नीट लागत नाही. मग थोडी लांब उसंत मिळते, हृदय जास्त भरते आणि पुढचा ठोका धाडकन बसतो. माणूस घाबरतो तो बहुधा या उसंतीला आणि मागून येणाऱ्या दणक्याला.

खटका खुद्द झडपेचा, हे सिद्ध व्हायला १९६३ साल उजाडले. जोहान्सबर्गच्या जॉन बार्लो आणि सहकाऱ्यांनी डाव्या कप्प्यात रंगद्रव्य सोडून क्ष-किरणांची चलचित्रे घेतली, तेव्हा रक्त झडपेतून मागे गळताना दिसले. १९६६ मध्ये क्रायली आणि सहकाऱ्यांनी 'मिट्रल व्हॉल्व्ह प्रोलॅप्स' हे नाव रूढ केले. 'मिट्रल' शब्द मात्र चारशे वर्षे जुना: व्हेसॅलियसला दोन पाकळ्यांची ही झडप बिशपच्या टोपीसारखी दिसली होती.

पुढची उलथापालथ इकोने केली. १९५३ मध्ये स्वीडनच्या लुंड इथे एडलर आणि हर्ट्झ यांनी धातूतल्या भेगा शोधणारे जहाजबांधणीचे यंत्र हृदयावर लावून पाहिले. यंत्रे सुधारली तसे जिकडेतिकडे प्रोलॅप्स दिसू लागले. काही पाहण्यांत शंभरात पंधरा आणि त्याहूनही जास्त. झडपेचे कडे सपाट नसून घोड्याच्या खोगिरासारखे वळलेले असते, हे १९८०च्या दशकात ध्यानात आले, आणि एका कोनातून दिसणारा फुगवटा हा आजार नव्हे हे कळले. १९९९ मध्ये फ्रॅमिंगहॅमच्या पाहणीत नव्या निकषांनी प्रमाण निघाले २.४ टक्के. निकष बदलताच कितीतरी माणसे एका कागदावर बरी झाली!

आमच्या भागात या नावाला आणखी एक गाठ पडली आहे. चंद्रपूर-गडचिरोलीत 'व्हॉल्व्ह खराब' म्हटले की लोकांना आठवतो तो लहानपणचा घसादुखीनंतरचा संधिवाती ताप, दर तीन आठवड्यांचे पेनिसिलिनचे इंजेक्शन आणि शेवटी ऑपरेशन. तो आजार दाटीवाटीच्या घरांचा, गरिबीचा. त्यात झडप ताठरते, पाकळ्या एकमेकींना चिकटतात. सैल झडपेचे गणित उलटे: तिथे पाकळीचे कापड जास्त आणि दोऱ्या लांब. पण दोन्हींना शब्द एकच. मग कागदावर 'व्हॉल्व्ह' दिसला की मुलीचे जमत आलेले लग्न थबकते, पोराला खेळायला बंदी होते. निदानाने माणसाचे जेवढे नुकसान केले, तेवढे अनेकदा झडपेने केलेले नसते.

तरी सगळेच सोडून देण्यासारखे नाही. थोड्यांची गळती वाढत जाते, एखाद्याची दोरी तुटते, झडपेला जंतुसंसर्ग होतो, आणि क्वचित ठोक्यांचा गोंधळ जिवावर बेततो. चक्कर येऊन पडणे, चालताना दम वाढणे, घरात कुणी तरुण वयात अचानक गेलेले असणे. यांतले काही असेल तर मॅकेन्झीचा हवाला देत बसू नये. गळती फार झाली तर झडप न बदलता दुरुस्त करता येते. पॅरिसच्या आलें कार्पांतिए यांनी १९८३ मध्ये ती रीत सविस्तर मांडली.

बाकीच्यांना रोजचे जगणे उरते. माझे ठोके जागरणाने आणि चौथ्या चहाने वाढतात. उन्हाळ्यात पाणी कमी पडले तरी. मुंबईच्या के.ई.एम.मधील डॉ. के. के. दाते आणि सहकाऱ्यांनी १९६९ मध्ये रक्तदाबावर शवासनाचा उपयोग होतो असे प्रसिद्ध केले. माझा आजार तो नाही, पण दुपारी वीस मिनिटे मी पडून राहतो. आमच्या शेजारच्या जिल्ह्यातल्या डॉ. अभय बंग यांचे 'माझा साक्षात्कारी हृदयरोग' घरोघर पोचले, ते रक्तवाहिन्यांच्या आजाराबद्दल. सैल झडपेवर मराठीत तसे पुस्तक माझ्या हाती आलेले नाही. विचारणारे मात्र बरेच भेटतात. त्यांतले निम्मे आधी दार लोटून घेतात, मग खिशातून इकोचा घडी केलेला कागद काढतात.