सांध्याची गोष्ट : जोडून केलेल्या विस्तीर्ण छायाचित्रांविषयी

‘पॅनोरामा’ हा शब्द छायाचित्रणापेक्षा वयाने मोठा आहे. एडिंबरो येथे राहणाऱ्या रॉबर्ट बार्कर या चित्रकाराने १७८७ साली, प्रेक्षकाला मध्यभागी उभे करून त्याच्या सभोवार वर्तुळाकार सलग देखावा रंगवण्याच्या आपल्या युक्तीचे पेटंट घेतले. ग्रीक भाषेतील ‘सर्व’ आणि ‘दृश्य’ या अर्थांचे शब्द जोडून बनवलेले हे नाव पुढच्या काही वर्षांत रूढ झाले, आणि १७९३ साली लंडनच्या लेस्टर स्क्वेअरमध्ये या देखाव्यांसाठी खास गोल इमारतही उभी राहिली. श्रीरंगपट्टण १७९९ मध्ये पडले आणि १८०० साली रॉबर्ट केर पोर्टरने रंगवलेला त्या लढाईचा प्रचंड पॅनोरामा लंडनकर पैसे मोजून पाहत होते. साम्राज्याला स्वतःकडे पाहण्याची हौस असतेच. तिला या प्रकाराने मोठा आरसा मिळवून दिला.

चित्रकाराच्या पॅनोरामात सांधा नसतो. असलाच तर तो कापडाचा असतो आणि रंगाखाली झाकला जातो. छायाचित्रकाराची गोष्ट निराळी. भिंगाला दिसते ते मर्यादित. त्याच्या कोनाबाहेरचे जग पकडायचे तर कॅमेरा थोडा फिरवायचा, पुन्हा चित्र घ्यायचे आणि ते तुकडे शेजारी शेजारी लावायचे. (भिंगच फिरवण्याचा दुसरा मार्ग १८४० च्या दशकातच फ्रीडरिख फोन मार्टेन्स याने पॅरिसमध्ये चोखाळला होता, त्याचा विचार येथे नको.) या जोडकामाचा दर्जा वाढवायचा, म्हणजे नेमके काय करायचे? गेल्या पावणेदोनशे वर्षांत या प्रश्नाची दोन उत्तरे दिली गेली आहेत. प्रत्येक तुकडा अधिकाधिक रेखीव करावा, हे एक. दोन तुकड्यांमधला सांधा दिसेनासा करावा, हे दुसरे. ही दोन्ही उत्तरे एकच असल्यासारखी मांडली जातात. ती एक नाहीत, इतकेच नव्हे तर पुराव्याच्या दृष्टीने परस्परविरोधी आहेत, असे माझे म्हणणे आहे.

पहिल्या उत्तराचे सर्वांत देखणे उदाहरण १८४८ मधले आहे. चार्ल्स फोंटेन आणि विल्यम पोर्टर या दोघांनी ओहायो नदीच्या दक्षिण तीरावरून, म्हणजे केंटकीतल्या न्यूपोर्टमधून, समोरच्या सिनसिनाटी शहराचा नदीकाठ आठ डॅगेरोटाइपांत टिपला. डॅगेरोटाइप म्हणजे चांदीचा मुलामा दिलेल्या, आरशासारख्या घासलेल्या तांब्याच्या पत्र्यावर थेट उमटलेले चित्र. त्याला निगेटिव्ह नसते, प्रत निघत नाही. जे आहे ते एकमेव. हे आठ पत्रे एकाच चौकटीत शेजारी शेजारी बसवलेले आहेत. सांधे लपवण्याचा प्रयत्न नाही, कारण पत्र्याला पत्रा बेमालूम चिकटवता येणारच नव्हता. ही चौकट सिनसिनाटीच्या सार्वजनिक ग्रंथालयाकडे आहे. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ती जतनासाठी रॉचेस्टर येथील जॉर्ज ईस्टमन हाऊस या संग्रहालयात गेली, आणि तिथल्या तज्ज्ञांनी पत्रे सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले. नुसत्या डोळ्यांना ठिपक्याहून अधिक काही वाटू नये अशा एका मनोऱ्यावर घड्याळ होते, आणि त्यात दोनला पाच मिनिटे कमी असल्याचे चक्क वाचता आले. खिडक्यांचे पडदे दिसले, गाड्यांच्या चाकांचे आरे मोजता आले. काठाला लागलेल्या आगबोटींची नावे आणि त्यांच्या ये-जा करण्याच्या नोंदी यांचा मेळ घालून तारीख ठरली होती : २४ सप्टेंबर १८४८, रविवार.

छायाचित्रकारांनी जे स्वतःही कधी पाहिले नसेल, ते त्यांच्या पत्र्यांनी दीड शतकाहून अधिक काळ सांभाळून ठेवले होते. रेखीवपणा ही सौंदर्याची बाब आहे असे आपण समजतो. येथे ती साक्षीची बाब ठरली. आणि पत्रे सुटे होते म्हणून प्रत्येक पत्र्याची साक्ष स्वतंत्रपणे घेता आली.

पुढच्या दशकात काचेवरचे ओले कोलोडियन आले आणि जोडकामाला बहर आला. काचेवर रसायन ओतायचे, ते ओले असेपर्यंत चित्र घ्यायचे आणि लगेच अंधाऱ्या तंबूत धुवायचे, हा सगळा खटाटोप काही मिनिटांत उरकावा लागे. मात्र काचेच्या निगेटिव्हवरून कागदावर हव्या तितक्या प्रती निघत. कागद कापता येतो, चिकटवता येतो. सांधा लपवण्याची शक्यता आणि तिच्याबरोबर सांधा लपवण्याचा मोह, दोन्ही येथून सुरू झाले.

फेलिचे बेआतो हा छायाचित्रकार १८५८ च्या आरंभी हिंदुस्थानात आला. उठाव मोडून काढला जात होता आणि त्याला उद्ध्वस्त शहरांची चित्रे घ्यायची होती. लखनौचा आणि दिल्लीच्या जामा मशिदीवरून दिसणाऱ्या शहराचा असे त्याचे तुकडे जोडून केलेले पॅनोरामा प्रसिद्ध आहेत. जामा मशीद आणि लाल किल्ला यांच्यामधली दाट वस्ती पुढे इंग्रजांनी पाडली. लखनौचाही मोठा भाग रस्ते रुंद करण्याच्या आणि लष्करी सोयीच्या नावाखाली जमीनदोस्त झाला. त्यामुळे हे पॅनोरामा त्या शहरांचे शेवटचे रूप दाखवणारे दस्तऐवज ठरतात. पण पाहणाऱ्याला प्रथम जाणवते ती शांतता. रस्ते ओस, गच्च्या ओस. शहरे त्या वेळी खरोखरच उजाड झाली होती, हे त्याचे एक कारण. दुसरे असे की काही सेकंद उघड्या राहणाऱ्या भिंगासमोरून चालत गेलेला माणूस काचेवर उमटतच नसे. या दोहोंपैकी कोणते कारण कोणत्या गल्लीला लागू, हे चित्र सांगत नाही. सुटे तुकडे शेजारी ठेवले, तर दोन तुकड्यांत सामाईक असलेल्या पट्टीत एखादी गाडी इथे आहे आणि तिथे नाही, असे काही सापडण्याची निदान आशा असते. कडा कापून चिकटवलेल्या प्रतीत तीही उरत नाही.

सांधा लपवणे सोपे नव्हते. त्यातल्या अडचणी आजही त्याच आहेत, म्हणून त्या थोडक्यात सांगतो. हाताचे बोट नाकासमोर धरून डोके डावीउजवीकडे वळवले तर मागच्या भिंतीच्या संदर्भात बोट सरकल्यासारखे दिसते. कॅमेरा तिवईवर फिरवला की जवळच्या खांबाचे तसेच होते, कारण फिरण्याचा आस भिंगातल्या योग्य बिंदूतून जात नाही. दूरचे डोंगर जुळतात आणि जवळचे कुंपण तुटते. म्हणूनच जुन्या छायाचित्रकारांनी मनोरे, टेकड्या, गच्च्या निवडल्या. उंचावर गेले की जवळचे असे काही उरतच नाही. शिवाय भिंगाच्या मध्यभागी चित्र रेखीव असते, कडांना मऊ आणि काळपट होते. यावर उपाय एकच : चित्रे दाटीने घ्यायची, एकमेकांवर भरपूर चढवायची आणि कडा टाकून मधला भाग ठेवायचा. तरीही सपाट चित्रे शेजारी लावली की सरळ रस्ता प्रत्येक सांध्याशी कोपर मोडल्यासारखा वळतो. आणि प्रत्येक काच वेगळी धुतलेली, प्रत्येक प्रत वेगळी उतरवलेली, त्यामुळे रंगछटा निराळी. अंड्याच्या पांढऱ्या भागाने माखलेल्या कागदावरच्या या प्रती काळाबरोबर पिवळ्या पडतात, त्याही सारख्या नाहीत. १८६० साली बेमालूम असलेला सांधा आज स्पष्ट दिसतो तो यामुळे.

चार्ल्स बेलिसने सिडनीत काढलेला मार्ग सरळसोट धनिकाचा होता. हिल एंड येथील खाणीत १८७२ साली सुमारे २८६ किलो वजनाचा सुवर्णमिश्रित दगड सापडल्यानंतर बर्नहार्ड होल्टरमन याने लॅव्हेंडर बेच्या वर मनोरा असलेले घर बांधले, आणि १८७५ मध्ये त्या मनोऱ्यावरून बेलिसने बंदराचे चित्रण केले. तेवीस तुकड्यांचा सुमारे १० मीटर लांबीचा पॅनोरामा त्यातून तयार झाला. एवढ्याने समाधान झाले नाही म्हणून मनोऱ्यातल्या खोलीचाच कॅमेरा करून दीड मीटरहून रुंद काचांवर निगेटिव्ह घेतल्या गेल्या. काच जितकी मोठी तितके सांधे कमी आणि तपशील जास्त, हा हिशेब बिनतोड खरा. फक्त तेवढी काच ओली असेपर्यंत सांभाळणारी माणसे आणि ती फुटली तर दुसरी आणणारा खजिना हवा. त्या संग्रहातील निगेटिव्ह १९५१ मध्ये सिडनीच्या एका उपनगरातल्या बागेतील खोपटात सापडल्या आणि आज न्यू साउथ वेल्सच्या राज्य ग्रंथालयात आहेत.

एडवर्ड मायब्रिजचे १८७८ साल मात्र थांबून पाहण्यासारखे आहे. सॅन फ्रान्सिस्कोतल्या कॅलिफोर्निया स्ट्रीटच्या टेकडीवर, मार्क हॉपकिन्स या रेल्वेसम्राटाच्या बांधकाम चालू असलेल्या वाड्यावरून, त्याने तेरा मोठ्या काचांवर शहराचे पूर्ण वर्तुळ टिपले. जोडून लांबी पाच मीटरच्या घरात. एक वर्ष आधी त्याच जागेवरून त्याने अकरा तुकड्यांचा लहान पॅनोरामा केला होता; हा दुसरा त्याहून कितीतरी सरस. पण सावल्या पाहाव्यात. तेरा काचा माखून, उघडून, धुवून होईपर्यंत सूर्य थांबत नाही. एका तुकड्यातली घरे ज्या प्रकाशात उभी आहेत तो काही तुकड्यांपलीकडच्या घरांवर नाही. चित्रात ‘एक क्षण’ वाटणारी गोष्ट प्रत्यक्षात कित्येक तासांची आहे. आणि त्याच वर्षी, जून महिन्यात, याच मायब्रिजने पालो आल्टो येथे बारा कॅमेरे ओळीने लावून धावत्या घोड्याची ती जगप्रसिद्ध मालिका घेतली. तिथे बारा चित्रांत मिळून एक सेकंदही पुरता नाही. एकीकडे क्षणाचे बारा तुकडे, दुसरीकडे दिवसाच्या तेरा तुकड्यांचा एक क्षण. घोड्याच्या चित्रांतली चौकट कुणी मिटवली नाही, कारण तिथे तुकडेपणातच अर्थ होता. शहराच्या चित्रातही तो होता. पण सलगतेच्या हौसेपुढे तो वाचायला आपल्याला सावल्यांचा आधार घ्यावा लागतो. हॉपकिन्सचा वाडा आणि समोरचे बहुतेक शहर १९०६ च्या भूकंपानंतरच्या आगीत नष्ट झाले. आता विचारायचे ते या तेरा तुकड्यांनाच.

संगणकाने कात्री आणि खळ बाजूला सारली. पीटर बर्ट आणि एडवर्ड एडेलसन यांनी १९८३ मध्ये मांडलेली युक्ती आजही या कामाच्या मुळाशी आहे : चित्राचे बारीक तपशील आणि ढोबळ छटा वेगळ्या करायच्या, छटा रुंद पट्ट्यात हळूहळू मिसळायच्या, तपशील मात्र अगदी अरुंद पट्ट्यात. त्यामुळे आकाशात रेघ दिसत नाही आणि झाडांची पाने दुहेरीही होत नाहीत. मॅथ्यू ब्राउन आणि डेव्हिड लो यांनी २००३ मध्ये, कोणते चित्र कोणाशेजारी बसते हे यंत्रालाच ओळखता येते, हे दाखवले. तुकडा वाकवताना तो दर खेपेस थोडा मऊ पडतो, म्हणून सगळी वाकवावाकवी एकदाच करावी, हे या क्षेत्रातले लोक कळकळीने सांगतात. ते योग्यच आहे. पहिल्या उत्तराशी ते प्रामाणिक आहेत. पण याच साधनांना सांधा सरळ रेषेत न्यावा लागत नाही. तो नागमोडी जातो, हलणारी माणसे टाळत जातो. दोन तुकड्यांत दोन जागी असलेला रस्त्यावरचा इसम एकाच जागी ठेवला जातो, कधी पुरता वगळला जातो, आणि कोणता निर्णय झाला याची खूण चित्रात राहत नाही.

मराठीच्या वर्गात ही गोष्ट समजावण्यास फार लांब जावे लागत नाही. बेआतो ज्या काळात काचा धूत होता त्याच काळात वरसईचे विष्णुभट गोडसे उत्तर हिंदुस्थानात होते. त्यांचा ‘माझा प्रवास’ चिंतामण विनायक वैद्य यांनी १९०७ साली प्रसिद्ध केला तो बराच संस्कारून : भाषा सफाईदार करून, काही गाळून, काही सावरून. वाचकांना तो आवडला, आणि वैद्यांच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. त्यांनाही दर्जाच सुधारायचा होता. मूळ हस्तलिखिताबरहुकूम पाठ दत्तो वामन पोतदार यांनी १९६६ मध्ये आणला, तेव्हा भटजींचा खरा आवाज, त्याच्या खाचखळग्यांसकट, ऐकू आला. पोतदारांना हे करता आले कारण हस्तलिखित शिल्लक होते.

जुने पॅनोरामा अंकीय स्वरूपात आणताना म्हणूनच संस्थांनी दोन गोष्टी ठेवायला हव्यात : प्रत्येक तुकडा, त्याच्या कापलेल्या, डागाळलेल्या कडांसह, मिळेल तितक्या बारकाईने, आणि जोडलेली प्रत, ती जोडलेली आहे असे स्पष्ट नोंदवून. पुष्कळ ठिकाणी तसे होतेही. अडचण आपल्या खिशात आहे. मोबाइल हातात धरून डावीकडून उजवीकडे फिरवला की यंत्र झरझर पट्ट्या गोळा करते, जोडते, चकचकीत चित्र हाती ठेवते आणि मूळ पट्ट्या, बहुतेक वेळा, टाकून देते.