अपारंपरिक नाताळपट

नाताळ हा मुख्य विषय नसूनही कथेचा काळ, तिची घडण किंवा प्रेक्षकांची सवय यांमुळे त्या सणाशी जोडला गेलेला चित्रपट (पाहा : नाताळ, सणपट).

उगम : ‘इट्स अ वंडरफुल लाइफ’चा (१९४६) स्वामित्वहक्क १९७४ मध्ये नूतनीकरणाअभावी संपला. त्यामुळे दूरचित्रवाणीवर हा चित्रपट दर डिसेंबरात दिसू लागला आणि सणाचाच होऊन गेला. ‘डाय हार्ड’ (१९८८) तर अमेरिकेत जुलैमध्ये लागला होता.

लक्षणे : प्रदर्शनाची तारीख निर्णायक नसते. ‘३ इडियट्स’ २५ डिसेंबर २००९ रोजी आला, पण तो नाताळपट नव्हे. सण वगळला तर कथा उभी राहते का, ही खरी कसोटी. ‘डाय हार्ड’चा नायक दुरावलेल्या बायकोला भेटायला नाताळच्या पूर्वसंध्येलाच येतो, शेवटी पाठीवर पिस्तूल चिकटवतो तेही सणाच्या शुभेच्छा छापलेल्या चिकटपट्टीने. श्रीराम राघवन यांचा ‘मेरी ख्रिसमस’ (२०२४) मुंबईतल्या अशाच एका रात्री घडतो. तो जानेवारीत प्रदर्शित झाला.

मराठीतील समांतर रूप : राजेश मापुसकर यांच्या ‘व्हेंटिलेटर’मध्ये (२०१६) गणपती तोंडावर आलेले आणि घरातले वडीलधारे अत्यवस्थ, सुतकाची धास्ती हाच कथेचा ताण. चित्रपट लागला मात्र नोव्हेंबरात. नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’त (२०१४) जत्रेत रंगून नाचणाऱ्या नायकाला, जब्याला, डोक्यावर दिवा घेऊन उभे राहावे लागते (पाहा : जत्रा, मंजुळे, नागराज).

महत्त्व : सण कोणाला सामावून घेतो आणि कोणाला कडेला ठेवतो, हे अशा चित्रपटांत सजावटीपेक्षा ठळक दिसते.