फाइल डिलीट का होत नाही?

आमच्या घरी पहिला कॉम्प्युटर आला तेव्हा त्यावर विंडोज एक्सपी होतं आणि त्यावर दादाचा पूर्ण ताबा होता. दादा रात्रभर पिक्चर डाउनलोडला लावायचा, मध्येच लाईट जायची, आणि सकाळी अर्धवट उतरलेली एव्हीआय फाइल डिस्कवर पडलेली असायची. ती डिलीट करायला गेलं की एक खिडकी उघडायची: ही फाइल दुसरी व्यक्ती किंवा दुसरा प्रोग्रॅम वापरतोय, आधी तो बंद करा. आम्ही सगळं बंद करायचो. प्लेअर बंद, ब्राउझर बंद, गाणी बंद. तरी तेच. ही 'दुसरी व्यक्ती' कोण, हे मला तेव्हा खरंच कळायचं नाही. मी एकदा आईला जाऊन विचारलंही होतं की तू आमचा पिक्चर वापरतेस का. :-)

त्या प्रश्नाचं नीट उत्तर मला बऱ्याच वर्षांनी मिळालं, आणि तेही चांगलंच तोंडघशी पडल्यावर. ते शेवटी सांगतो. आधी थोडा इतिहास. कारण फाइल का जात नाही हे कळायला 'डिलीट' म्हणजे नेमकं काय, हे आधी बघावं लागतं.

सुरुवात एका फॉरवर्डपासून करू. तुमच्यापैकी बहुतेकांनी तो वाचला असेल. एका भारतीयाने म्हणे शोधून काढलं की विंडोजमध्ये 'कॉन' नावाचं फोल्डर करताच येत नाही, आणि असं का होतं ते खुद्द बिल गेट्सलाही सांगता आलं नाही. शाळेच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये आम्ही सगळ्यांनी हे करून पाहिलं. खरंच होत नव्हतं! कॉलर ताठ करून घरी गेलो. पण यात गूढ काहीच नव्हतं, आणि मायक्रोसॉफ्टला कारण चांगलंच माहीत होतं.

१९७४ मध्ये गॅरी किल्डालने सीपीएम ही ऑपरेटिंग सिस्टिम लिहिली. तिच्यात 'कॉन' हे कन्सोलचं, म्हणजे कीबोर्ड आणि स्क्रीनच्या जोडीचं नाव होतं. १९८० मध्ये टिम पॅटरसनने सीपीएमच्या धर्तीवर जी सिस्टिम बनवली, ती १९८१ मध्ये मायक्रोसॉफ्टने विकत घेतली आणि तिचंच डॉस झालं. कॉन, प्रिंटरसाठी पीआरएन, सीरियल पोर्टसाठी ऑक्स आणि कचऱ्यात टाकण्यासाठी नल, ही नावं राखीव राहिली. पहिल्या डॉसमध्ये फोल्डर हा प्रकारच नव्हता, त्यामुळे कोणाला त्रास नव्हता. मार्च १९८३ मध्ये डॉस २.० आलं आणि सोबत फोल्डर आले. आता पंचाईत झाली. जुने प्रोग्रॅम प्रिंट करायचं तर सरळ पीआरएन नावाच्या फाइलीत लिहीत असत. ते चालू राहावेत म्हणून ठरलं की ही नावं प्रत्येक फोल्डरमध्ये 'आहेतच' असं समजायचं. जुनं काही मोडू नये म्हणून घेतलेला हा निर्णय पुढे विंडोज १० पर्यंत तरी ठाण मांडून बसला.

पण खालच्या पातळीवर, म्हणजे थेट फाइल सिस्टिमशी बोलून, अशा नावाचं फोल्डर करता येत होतं. आणि एकदा केलं की ते नेहमीच्या पद्धतीने डिलीट होत नसे, कारण तुम्ही फोल्डर म्हणताय आणि विंडोज समजतंय कन्सोल. चोरीचं सॉफ्टवेअर वाटणाऱ्यांनी याचा फायदा घेतला. दुसऱ्याच्या एफटीपी सर्व्हरवर घुसून ते कॉम१ वगैरे नावांच्या फोल्डरमध्ये आपला माल ठेवत. बिचारा ॲडमिन डिलीट मारून थकायचा. गंमत म्हणजे तीच युक्ती चांगल्या कामालाही आली. पेनड्राइव्हमधून ऑटोरन व्हायरस पसरायचे ते दिवस आठवा. तेव्हा पेनड्राइव्हवर ऑटोरन डॉट आयएनएफ नावाचं फोल्डरच करून ठेवायचं, आणि आत एलपीटी३ सारख्या राखीव नावाची फाइल टाकायची. व्हायरसला आपली त्याच नावाची फाइल ठेवायला जागाच उरायची नाही, आणि ते फोल्डर त्यालाही सहजासहजी उडवता यायचं नाही.

हा झाला हट्टाचा पहिला प्रकार: नावाचा घोळ. आता मूळ प्रश्न. डिलीट केल्यावर डिस्कवर होतं काय?

सोसायटीच्या जिन्याखाली नावांचा बोर्ड असतो ना, तो डोळ्यासमोर आणा. डॉसमध्ये डिलीट म्हणजे त्या बोर्डवरच्या नावाचं फक्त पहिलं अक्षर खोडायचं आणि फ्लॅट रिकामा आहे असं जाहीर करायचं. आतलं सामान तसंच! नवा भाडेकरू येऊन ते बाहेर फेकेपर्यंत सामान तिथेच. खोडण्यासाठी वापरायचा बाइट होता हेक्झाडेसिमल ई५. हा कुठून आला? आयबीएमच्या नव्या कोऱ्या आठ इंची फ्लॉपी ई५ नेच भरलेल्या असत. त्यामुळे सीपीएमने ई५ म्हणजे 'रिकामी नोंद' असं ठरवलं की कोरी फ्लॉपी आपोआप रिकामी दिसणार. फुकटात काम. डॉसने तेच उचललं. पुढे जपानी लिपीच्या कोडमध्ये ई५ हा खराखुरा बाइट निघाला, म्हणजे काही जपानी नावं जन्मतःच डिलीट झालेली! मग अशा नावांसाठी ई५ ऐवजी ०५ लिहायची पळवाट काढावी लागली.

पहिलं अक्षरच खोडलेलं असल्यामुळे फाइल परत आणणंही शक्य होतं. पीटर नॉर्टनची एक फाइल चुकून उडाली, ती पुन्हा टाइप करण्याऐवजी त्याने परत आणणारा प्रोग्रॅम लिहिला असं सांगतात. त्याचं अनइरेज १९८२ मध्ये बाजारात आलं आणि नॉर्टन हे नाव घरोघर पोचलं. १९९१ मध्ये डॉस ५.० सोबत अनडिलीट ही कमांडच मिळू लागली. ती तुम्हाला विचारायची: पहिलं अक्षर काय होतं? कारण तेवढंच हरवलेलं असायचं.

डिलीट म्हणजे गेलं, असं समजणारे फक्त घरगुती वापरणारे नव्हते. नोव्हेंबर १९८६ मध्ये अमेरिकेत इराण-कॉन्ट्रा प्रकरण बाहेर आलं, तेव्हा व्हाइट हाउसमधल्या ऑलिव्हर नॉर्थ आणि जॉन पॉइंडेक्स्टर यांनी आयबीएमच्या प्रॉफ्स या ईमेल सिस्टिममधले आपले निरोप भराभर डिलीट केले. पण बॅकअपच्या टेप वेगळ्या ठेवलेल्या होत्या. त्यातून ते निरोप परत आले आणि फेब्रुवारी १९८७ च्या टॉवर आयोगाच्या अहवालात वापरले गेले. बोर्डवरचं नाव पुसलं होतं, फ्लॅट मात्र भरलेला होता.

आता दुसरं घराणं. युनिक्स. केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी १९६९ पासून बेल लॅब्समध्ये ही सिस्टिम उभी केली. त्यांनी एक गोष्ट अगदी स्वच्छ वेगळी ठेवली: फाइल वेगळी आणि फाइलचं नाव वेगळं. फोल्डरमध्ये असतं ते फक्त नाव आणि एक क्रमांक. त्या क्रमांकाच्या नोंदीला आयनोड म्हणतात, आणि खरी माहिती तिथे: मालक कोण, आकार किती, डिस्कवर जागा कुठली. एकाच फाइलला दोन नावं असू शकतात, जशी एका फ्लॅटवर नवरा-बायको दोघांची नावं असतात. म्हणून युनिक्समध्ये 'डिलीट' नावाची सिस्टिम कॉलच नाही. आहे ती 'अनलिंक'. म्हणजे नावाची गाठ सोडणं. नाव काढलं की नावांची संख्या एकाने कमी होते. ती शून्य झाली, आणि कोणत्याही चालू प्रोग्रॅमने ती फाइल उघडून ठेवलेली नसेल, तरच जागा मोकळी होते. आत कोणी बसलं असेल तर बोर्डवर नाव नसलं तरी फ्लॅट त्याचाच.

विंडोज एनटीने, म्हणजे १९९३ मध्ये आलेल्या आणि पुढे एक्सपीचा पाया झालेल्या सिस्टिमने, उलटा मार्ग धरला. इथे फाइल उघडणारा प्रोग्रॅम आधीच सांगतो की मी आत असताना इतरांनी काय केलं तर चालेल: वाचणं, लिहिणं, डिलीट करणं. काहीच सांगितलं नाही तर काहीच चालणार नाही. आणि आम्ही प्रोग्रॅमर लोक 'डिलीट चालेल' हे सांगायचं हमखास विसरतो. आत कोणीतरी आहे आणि त्याने परवानगी दिलेली नाही, तर सेक्रेटरी बोर्डला हात लावू देत नाही. म्हणून ती खिडकी. म्हणूनच विंडोजला अपडेटनंतर रिस्टार्ट हवा असतो: वापरात असलेल्या फाइली 'पुढच्या वेळी चालू होताना बदल' अशा यादीत टाकल्या जातात आणि बूट होताना, कोणी आत शिरायच्या आधी, काम उरकलं जातं.

मग दादाचा पिक्चर कोण वापरत होतं? खुद्द विंडोज एक्स्प्लोरर! फाइलवर क्लिक केलं की एक्सपी तिची लांबी-रुंदी दाखवायला ती उघडायचं. एव्हीआयची अनुक्रमणिका असते फाइलच्या शेवटी, आणि अर्धवट फाइलला शेवटच नसायचा. मग एक्स्प्लोरर बसायचा शोधत, फाइल हातात घट्ट धरून. डिलीट करण्यासाठी तिला निवडणं हेच तिला अडकवणं होतं. दादाने पुढे अनलॉकर नावाचं छोटं टूल मिळवलं. ते फक्त एवढंच सांगायचं की फाइल कोणाच्या हातात आहे, आणि तो हात सोडवायचं. जी माहिती त्या खिडकीने पहिल्यांदाच द्यायला हवी होती!

आता माझी फजिती. नोकरीचं पहिलं वर्ष, रात्री दोन वाजता फोन: सर्व्हरची डिस्क १०० टक्के भरली, ऑर्डर घेणं बंद. मी लॉगिन केलं. एक लॉग ३८ जीबीचा झाला होता. मारला आरएम. फाइल गायब. पण जागा? तेवढीच, १०० टक्के. पुन्हा पाहिलं, पुन्हा तेच. फाइल दिसत नाही आणि जागा सुटत नाही. घाम फुटला. सर्व्हिस रिस्टार्ट करतो, असं टीममधल्या सिनियरला कळवलं आणि तिचा लगेच फोन.

"काही करू नकोस. रिस्टार्ट तर अजिबात नको. तू उडवलेली फाइल अजून जिवंत आहे."

मग तिने समजावलं. अकरा वाजल्यापासून डेटाबेसकडे जाणाऱ्या ऑर्डर फसत होत्या, आणि कोणत्या फसल्या याची एकमेव नोंद त्या लॉगमध्ये होती. मी तीच उडवली होती. पण सर्व्हिसने फाइल उघडी धरलेली असल्यामुळे फक्त नाव गेलं होतं. रिस्टार्ट केलं असतं तर तो शेवटचा हातही सुटला असता, मग जागा मोकळी आणि पुरावा कायमचा साफ. लिनक्समध्ये प्रॉक नावाच्या फोल्डरखाली प्रत्येक चालू प्रोग्रॅमने उघडलेल्या फाइलींची यादी असते. तिथे आमचा लॉग होता, 'डिलीटेड' असा शिक्का घेऊन. आम्ही तो तिथून दुसऱ्या डिस्कवर कॉपी केला, आणि मग तिथूनच रिकामा केला. जागा सुटली. पहाटेपर्यंत बसून फसलेल्या ऑर्डर एकेक करून काढल्या. आणि हो, लॉग फुगला होता तो मी दुपारी टाकलेल्या बदलामुळे. एरर आली की न थांबता पुन्हा प्रयत्न, आणि प्रत्येक प्रयत्नाची लांबलचक नोंद. सोमवारी मीटिंगमध्ये ते मीच सांगितलं. लपवायला जागा नव्हतीच.

त्या रात्रीपर्यंत मला वाटायचं की युनिक्स शहाणं आणि विंडोज हट्टी. आता तसं वाटत नाही. विंडोज तोंडावर 'नाही' म्हणतं, ते छळतं पण खरं असतं. युनिक्स 'हो' म्हणतं आणि मागे काम शिल्लक असतं. एप्रिल २०१४ मध्ये ओपनएसएसएलमधली हार्टब्लीड त्रुटी बाहेर आली, तेव्हा हेच झालं. लायब्ररी बदलणं पुरेसं नव्हतं. सर्व्हिस रिस्टार्ट होईपर्यंत डिस्कवर नवी लायब्ररी आणि मेमरीत जुनीच, भोकासकट.

आता एसएसडी आल्या. विंडोज ७ पासून, म्हणजे २००९ पासून, डिलीट करताच ट्रिम नावाची कमांड डिस्कला सांगते की ही जागा आता नको, आणि डिस्क ती सवडीने खरोखर पुसून टाकते. नॉर्टनच्या काळातली मेहेरबानी संपत चालली आहे. तेव्हा बॅकअप घेत जा.

आणि पुढच्या वेळी एखादी फाइल जायला नकार देईल तेव्हा लगेच रिस्टार्ट मारू नका. आधी बघा ती कोणाच्या हातात आहे. कदाचित तो हात तुमच्याच कामाचं काहीतरी धरून बसला असेल.

असो. दादाला परवा हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, "ते ठीक आहे, पण पिक्चर कुठला होता ते आठवतंय का तुला?" नाही आठवत. ती फाइल मात्र शेवटी गेली की नाही, याची दोघांनाही खात्री नाही.