शेर, पायली आणि वाटी

एका दिवाळीच्या तोंडावर आजीची जुनी वही हाती लागली. आजी १९२० च्या सुमारास लग्न होऊन साताऱ्याकडून मुंबईत आलेली. वहीत अनारशांची कृती दीड ओळीची होती. तांदूळ एक शेर, गूळ दोन शेर, वर खसखस. तांदळाच्या दुप्पट गूळ कसा, ही शंका मला आली होती. पण आजीचे लिहिणे खोटे कसे म्हणणार? ऐंशी तोळ्यांचा शेर, म्हणजे ९३३ ग्रॅम, हे शाळेत घोकलेले. त्या हिशेबाने दोन्ही जिन्नस काट्यावर तोलले. पहिला अनारसा तुपात पडताच हसला, दुसरा विरघळला, तिसरा मी टाकलाच नाही.

चूक आजीची नव्हती. 'शेर' हा शब्द एक असला तरी शेर अनेक होते. धान्य मापाने मोजत आणि गूळ, तूप तराजूने. दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर आणि चार शेरांची पायली, हे झाले धान्याचे कोष्टक. खळ्यावर तराजू कोण नेणार? माप बुडवले, भरले, ओतले की झाले. आता ते सपाट भरायचे की वर शीग लावायची, हे माप कोणाच्या हातात आहे त्यावर ठरे. खंड धान्यात घालणाऱ्या कुळाला त्या शिगेची किंमत चांगली ठाऊक होती. 'मापात पाप' हे शब्द काही उगाच रूढ झालेले नाहीत.

तराजूचा शेरही एक नव्हता. ऐंशी तोळ्यांचा सरकारी शेर, त्याचा तोळा १८० ग्रेनचा, हे १८३३ साली ठरले. पण मुंबईच्या बाजारातला जुना मण २८ पौंडांचा आणि त्याचे शेर चाळीस. म्हणजे एक शेर सुमारे ३१८ ग्रॅमचा, जेमतेम सत्तावीस तोळे!

मग माळ्यावरचा, आजीने माहेरून आणलेला पितळी शेर काढला. तांदळाने सपाट भरून तोलला, तर ९०० ग्रॅमच्या आतबाहेर. गूळ मात्र ती मुंबईच्या दुकानातून आणी. त्याचे दोन शेर म्हणजे ६३५ ग्रॅम. कोडे सुटले. गूळ दुप्पट नव्हताच, तांदळाहून कमीच होता.

१९५८ च्या ऑक्टोबरपासून किलोग्रॅम टप्प्याटप्प्याने आला आणि १९६२ च्या एप्रिलपासून व्यवहारातून शेर कायद्याने बाद झाला. दुकानदाराने वजने बदलली. स्वयंपाकघराने मात्र मापाची सवय सोडली नाही, फक्त चिपट्याच्या जागी वाटी आली. १९७० साली कमलाबाई ओगल्यांचे 'रुचिरा' आले, तेही वाटी-चमच्याची मापे घेऊन. कित्येक नवख्या मुली त्यावर स्वयंपाक शिकल्या. घरोघरी तराजू कुठला?

पण वाटीचेही लहरीपण आहे. ज्या वाटीत २०० ग्रॅम पाणी मावते, तीत साखर १७० ग्रॅमच्या आसपास मावते, कणीक सव्वाशेच्या आतच आणि पातळ पोहे तर त्याहून कितीतरी कमी. कणीक चाळून अलगद भरली तर कमी, दाबली तर जास्त. गुळाचे तर विचारूच नका. किसलेला, चिरलेला, दाबलेला, प्रत्येकाचे वजन निराळे. म्हणून 'एक वाटी म्हणजे किती ग्रॅम' याला सरसकट उत्तर नाही. जिन्नस कोणता आणि भरला कसा, हे आधी विचारावे लागते.

आजीचे अनारसे मी वाटीत बसवले. न भिजवलेल्या तांदळाच्या पाच वाट्यांना किसलेला, न दाबलेला गूळ चार वाट्या. या खेपेला जाळी सुरेख पडली. सुनेला कृती सांगितली तेव्हा तिने लगेच विचारले, "आई, पण वाटी कुठली?"

म्हटले, "कुठलीही घे. फक्त तांदळाला जी, तीच गुळाला."