कोण, कुठले?

दिघीच्या धक्क्यावर एकटा माणूस आगरदांड्याच्या बोटीची वाट पाहत उभा राहिला, की पाच मिनिटांत कोणीतरी त्याला विचारतेच, "कुठले तुम्ही? सोबत कोणी नाही वाटतं?" या दोन प्रश्नांत आपल्याकडची प्रवासाविषयीची सगळी समजूत सामावलेली आहे. माणसाला गाव असावे आणि वाटेत सोबत असावी. चारचौघांबरोबर निघालेल्याला हे प्रश्न कोणी विचारीत नाही. त्याची ओळख त्याच्याबरोबरच चाललेली असते.

आपल्या याच जिल्ह्यातील वरसईचे विष्णुभट गोडसे 1857 साली उत्तरेकडे निघाले, तेव्हा त्यांच्यासोबत त्यांचे काका रामभट होते. बंडाच्या धामधुमीत दोघे सापडले, लुटले गेले, झाशीचा पाडाव त्यांनी डोळ्यांनी पाहिला. पण ओळखीचा प्रश्न त्यांना असा पडला नाही. ते कोण, कुठले, याला काका साक्षी होता. भटजीबुवांचे 'माझा प्रवास' हे पुस्तक 1907 साली चिं. वि. वैद्यांनी छापले आणि मराठी वाचकांनी ते जिवापाड जपले. परंतु याच किनाऱ्यावर, त्यांच्या आधी जवळजवळ चारशे वर्षे, एक प्रवासी असा उतरला होता, की त्याच्याजवळ घोड्याखेरीज आपले म्हणावे असे काही नव्हते. त्याची आठवण दिघीला उभे असताना हटकून येते. कारण तो आत आला तो येथून उत्तरेच्या चौल बंदरातून, आणि परत गेला तो येथून दक्षिणेच्या दाभोळहून. त्याच्या दोन दरवाजांच्या मध्ये आपण उभे असतो.

अफनासी निकितीन हा रशियातील त्वेर गावचा व्यापारी. व्होल्गा नदीतून तो निघाला तो सोबत्यांसह, मालाने भरलेल्या नावा घेऊन. आस्त्राखानजवळ तातारांनी त्यांना लुटले. बरोबरची माणसे पांगली. कोणी घराकडे वळले, कोणी पोटासाठी मिळेल त्या वाटेने गेले. हा मात्र दर्बंद, बाकू, इराण असे करीत होर्मुझला पोहोचला. हिंदुस्थानात घोड्याला चांगली किंमत येते हे कानावर आल्यावर तेथे तो घोड्यासह गलबतात चढला, आणि 1470 च्या आसपास चौलला उतरला. वास्को द गामा कालिकतला येण्यास अजून पाव शतकाहून अधिक अवकाश होता. आजचा दगडी जंजिराही तेव्हा उभा राहिलेला नव्हता.

चौलला त्याला पहिले नवल वाटले ते लोकांचे. उघडी अंगे, उघडी डोकी, केसांची एकच वेणी. आणि लोकांना नवल वाटले ते त्याचे. आपण जाऊ तेथे गोऱ्या माणसाला पाहायला गर्दी मागे लागते, असे त्याने टिपून ठेवले आहे. पाहायला आलेला मनुष्य स्वतःच प्रेक्षणीय ठरावा, ही एकट्याच्या प्रवासातील पहिली गंमत. इथल्या घोड्यांना साखर घातलेली खिचडी खाऊ घालतात, हेही तो कौतुकाने लिहितो.

चौलहून पाली आठ दिवस, पालीहून उमरी दहा दिवस, आणि तेथून पुढे जुन्नर. पावसाने चिखलच चिखल झालेला. जुन्नरला असदखान नावाचा अधिकारी होता. हा मनुष्य मुसलमान नसून रशियन आहे हे कळताच त्याने घोडा काढून घेतला. धर्म बदललास तर घोडा परत, वर हजार मोहरा. न बदललास तर घोडाही गेला आणि हजार मोहरांचा दंड. मुदत चार दिवसांची. त्या घोड्यापायी निकितीनचे शंभर रुबल खर्ची पडले होते. हो म्हटले असते तर त्वेरपर्यंत बातमी नेणारे कोणी नव्हते. सोबत नसलेल्या माणसाला धीर द्यायला कोणी नसते, तसे त्याची लाज राखायलाही कोणी नसते. जे काय राखायचे ते त्याचे त्यानेच. तो अडून राहिला. त्याच वेळी मुहम्मद नावाचा एक खुरासानी सरदार तेथे आला. त्याने रदबदली केली आणि घोडा सोडवून दिला. धर्म राखला तो ख्रिस्ती माणसाने, आणि त्याला राखले ते एका मुसलमानाने!

बिदर ही तेव्हा बहामनी राज्याची राजधानी. महमूद गवानाचा अंमल जोरात होता. तेथे घोडा विकून निकितीन राहिला. मुसलमानांत तो ख्वाजा युसूफ खुरासानी या नावाने वावरे. पुढे हिंदूंशी परिचय वाढला, तेव्हा त्याने आपण होऊन सांगितले, की मी मुसलमान नव्हे, ख्रिस्ती. माझे नाव अफनासी. हे सांगितल्यापासून त्या लोकांनी त्याच्यापासून जेवण, व्यवहार, पूजा काहीच लपवले नाही, घरच्या बायकांनाही आड ठेवले नाही. त्यानेच लिहिले आहे, की ही माणसे आपसांतही एका ताटात जेवत नाहीत, वाटेवरही ज्याचे त्याचे भांडे वेगळे, आणि अन्नावर परक्याची नजर पडू नये म्हणून ते झाकून ठेवतात. अशा माणसांनी झाकण उघडले ते एका खऱ्या नावाने. त्यांच्याच बरोबर तो शिवरात्रीला श्रीशैलाच्या यात्रेला गेला. काळ्या पाषाणाच्या, सोन्याने मढवलेल्या नंदीचे खूर चुंबणारे यात्रेकरू पाहून, हे यांचे जेरुसलेम, असे त्याला वाटले. परक्या देवळात त्याला आपले तीर्थ आठवले.

पण याची किंमतही त्याने मोजली. धर्मपुस्तके लुटारूंबरोबर गेली होती. आज तिथी कोणती हे विचारायला आपले माणूस नाही. ईस्टर कधी आला नि गेला याचा तो अंदाज बांधी, आकाशातील तारे पाही, आणि चुकलेल्या सणांबद्दल हळहळे. त्याच्या लिहिण्यात मध्येच तुर्की, फारसी, अरबी शब्द शिरतात. प्रार्थनासुद्धा मिश्र भाषेत होतात. मुलखाला लायक माल येथे नाही, सांगणाऱ्यांनी फसवले, अशी त्याची व्यापारी तक्रारही आहे. पदरी पैसा जमला नाही. जमले ते पाहिलेले.

दाभोळला तो जहाजावर चढला. वादळाने भलतीकडे नेले, तरी होर्मुझ, इराण, काळा समुद्र असे करीत तो रशियाच्या वाटेला लागला. पण त्वेर काही त्याला दिसले नाही. स्मोलेन्स्कजवळ वाटेतच तो वारला. त्याच्या हातची वही मॉस्कोला पोहोचली, बखरीत उतरली, आणि एकोणिसाव्या शतकात इतिहासकार करमझीन यांच्या हाती लागली. 1957 साली भारत-रशियाने मिळून त्याच्यावर 'परदेसी' हा चित्रपट काढला. रेवदंड्यास त्याचे स्मारकही आहे.

एकट्याने हिंडण्याची मौज मोकळेपणात आहे असे म्हणतात. ती तेवढ्यात नाही. सोबत असली म्हणजे आपण कोण हे सोबतच सांगते; एकट्याला ते स्वतः सांगावे लागते, आणि वाटेल ते सांगण्याची त्याला मुभा असते. निकितीनला ती मुभा होती. सोयीचे नाव जवळ असताना त्याने खरे नाव सांगितले आणि परक्या घरांची दारे उघडली.

दिघीच्या धक्क्यावर पुन्हा कोणी विचारील, "कुठले तुम्ही?" प्रश्न भोचक वाटतो खरा. पण त्या माणसाने झाकण थोडे उघडलेले असते. आता पाळी आपली.