मुसी नदीची ओटी

हैदराबाद येथील उस्मानिया रुग्णालयाच्या आवारात चिंचेचे एक पुरातन झाड आहे. २८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसी नदीला महापूर आला, तेव्हा सुमारे दीडशे माणसे या झाडाच्या फांद्यांना बिलगून राहिली आणि वाचली. ज्यांना असा आधार लाभला नाही, त्यांची संख्या फार मोठी होती. त्या दिवशीच्या मृतांचा अंदाज सामान्यतः १५,००० असा केला जातो. सुप्रसिद्ध उर्दू रुबाईकार अमजद हैदराबादी यांची माता, पत्नी व कन्या या तिघीही पुरात गेल्या. ते स्वतः तेवढे वाचले.

या प्रसंगाची एक आख्यायिका हैदराबादेत आजही सांगितली जाते. नदीचा कोप शमविण्यासाठी पंडितांनी सहावे निजाम मीर महबूब अली खान यांना मुसीची पूजा करावयास सुचविले. आणि इस्लामधर्मीय असलेल्या त्या राजाने धोतर नेसून, नदीकाठी जाऊन, तिला साडी, बांगड्या व मोती अर्पण केले, असे म्हणतात. मराठी भाषेत सांगावयाचे तर निजामाने नदीची ओटी भरली. ही कथा अक्षरशः खरी असो वा नसो, सर्व धर्मांच्या प्रजेने ती शतकाहून अधिक काळ जपून ठेवली आहे, एवढे मात्र खरे. संकट सर्वांचे असेल तर प्रार्थनाही सर्वांची असावी, ही भावना तिच्या मुळाशी आहे.

परंतु हैदराबादचे वैशिष्ट्य असे, की ओटी भरून ते थांबले नाही. १९०९ साली निजाम सरकारने मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांना पाचारण केले. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलेले आणि खडकवासल्याच्या धरणावर स्वयंचलित दरवाजे बसविणारे हे स्थापत्यविशारद महाराष्ट्राला परके नव्हते. त्यांनी पुराची चिकित्सा केली. शहराच्या वरच्या अंगाला, नदीच्या पाणलोट क्षेत्रात ७८८ तलाव होते. म्हणजे साधारण दर चौरस मैलास एक. अतिवृष्टीत वरच्या तलावाचा बांध फुटला की त्याचे पाणी खालच्या तलावावर आदळे आणि तोही फुटे. अशा रीतीने दोनशेहून अधिक तलाव फुटले होते. यावर उपाय म्हणून शहराच्या वर दोन मोठे जलाशय बांधण्याची योजना त्यांनी दिली. त्यांतील मुसीवरील उस्मान सागर १९२० मध्ये आणि तिची उपनदी ईसी हिच्यावरील हिमायत सागर १९२७ मध्ये पूर्ण झाला. पूर अडविणे आणि शहराची तहान भागविणे, ही दोन्ही कामे त्यांनी पुढे अनेक दशके केली.

पाणी राखणे हे श्रद्धेचे काम आहे, ही कल्पना या शहराला नवी नव्हती. शहराची स्थापना १५९१ मधली. हुसेन सागर तलाव त्याहूनही सुमारे तीस वर्षांनी जुना. इब्राहिम कुत्बशहाच्या कारकीर्दीत तो बांधविला हुसेन शाह वली या सूफी सत्पुरुषाने. तलावाला सुलतानाचे नाव मिळावयाचे होते, परंतु लोकांच्या तोंडी बसले ते फकिराचेच, अशी कथा सांगतात. तेलंगणातील स्त्रियांचा बतुकम्मा हा पुष्पोत्सव तर तलावावाचून पुराच होत नाही. रानफुलांचे थर रचून केलेली ती देवी अखेर पाण्यातच सोडावयाची असते. गावाचा तलाव आटला तर देवीने जावे कोठे? म्हणजे उत्सवानेच गावाला तलावाची आठवण ठेवावयास लावले होते.

आज या आठवणीची निकड १९०८ पेक्षाही अधिक आहे. पृथ्वीचे हवामान तापत चालले आहे, आणि तापमान एक अंश सेल्सियसने वाढले की हवा सुमारे सात टक्के अधिक बाष्प धारण करू शकते. त्यामुळे पाऊस पडतो तेव्हा तो कोसळतो. १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात व्यापक अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्याचे शास्त्रज्ञांना आढळले आहे. १३ ऑक्टोबर २०२० रोजी हैदराबादेत बेगमपेठ येथे चोवीस तासांत १९ सेंटीमीटरहून अधिक पाऊस झाला. पुन्हा तलावांचे बांध फुटले, पुन्हा वस्त्या बुडाल्या आणि माणसे दगावली. फरक इतकाच, की या वेळी कित्येक तलावांच्या पात्रांत आणि सांडव्यांच्या वाटांवर घरे उभी राहिली होती.

या संकटाची दखल जगातील धर्मांनीही घेतली आहे. २०१५ या एका वर्षात पोप फ्रान्सिस यांनी पृथ्वीच्या रक्षणाविषयी परिपत्रक काढले, इस्तंबूल येथे मुस्लिम विद्वानांनी हवामानबदलावर जाहीरनामा प्रसिद्ध केला आणि हिंदू धर्माचार्यांनीही तसाच जाहीरनामा काढला. शब्दांचे मोल आहेच. पण त्यांची कसोटी लागते ती गावच्या तलावाकाठी.

हैदराबादेत ती लागली गणेशोत्सवात. खैरताबादचा सार्वजनिक गणपती १९५४ मध्ये एक फुटाच्या मूर्तीने सुरू झाला आणि पुढे प्लास्टर ऑफ पॅरिसच्या प्रचंड मूर्तीसाठी विख्यात झाला. विसर्जन अर्थातच हुसेन सागरात. सप्टेंबर २०२१ मध्ये उच्च न्यायालयाने तेथे प्लास्टरच्या मूर्ती बुडविण्यास मनाई केली. सर्वोच्च न्यायालयाने त्या वर्षापुरती अखेरची सवलत दिली. पुढच्याच वर्षी, २०२२ मध्ये, खैरताबादची ५० फुटी मूर्ती मातीची घडविण्यात आली, आणि त्यानंतर ७० फुटांची मूर्तीही मातीतूनच साकारली. भव्यता उणावली नाही, भक्तीही उणावली नाही. सूफी सत्पुरुषाच्या तलावाची गणेशभक्तांनी राखलेली ही बूज होय.

तथापि एवढ्यावर संतोष मानता येणार नाही. मातीच्या मूर्तीने विष टळते. गाळ टळत नाही, आणि गाळाने भरलेला तलाव पूर अडवू शकत नाही. दुसरे असे, की उस्मान सागर व हिमायत सागर यांच्या भोवती दहा किलोमीटरपर्यंत बांधकामावर १९९६ च्या शासकीय आदेशाने मर्यादा घातली होती. ती बंधने २०२२ मध्ये सैल करण्यात आली. पाणलोटात काँक्रीट पसरले तर जलाशय नावापुरते उरतील. गाळ काढणे, सांडवे मोकळे ठेवणे, तलावाची हद्द राखणे ही कामे कोरडी खरी. पण मंदिर, मशीद, गुरुद्वारा व चर्च यांच्या शब्दाला जो मान आहे, तो या कामांमागे उभा राहिला तर त्यांना बळ येईल.

आपल्याकडे ओटी भरावयाची ती घरच्या लेकीची, सुनेची, आल्या सुवासिनीची. तिचा मान राखला जातो आणि तिच्या हक्काच्या जागेवर कोणी पाय ठेवीत नाही. मुसीची ओटी निजामाने खरोखर भरली की नाही, याचा निकाल इतिहास देऊ शकत नाही. परंतु तिची जागा तिला राखून द्यावयाची की नाही, याचा निकाल हैदराबादच्या नागरिकांच्या हाती आहे, आणि पुढचा मोठा पाऊस तो विचारल्यावाचून राहणार नाही.