मतभेदाचे इंग्रजी : नाशिकचा निर्यातदार आणि आखातातील खरेदीदार

नाशिक जिल्ह्यातील निफाड, दिंडोरी परिसरातील द्राक्षे आणि लासलगावच्या बाजारपेठेतील कांदा दरवर्षी आखाती देशांत जातो. न्हावाशेवा बंदरातून निघालेला शीतकंटेनर दुबईच्या जेबेल अली बंदरात उतरतो, तेव्हा माल देणारा मराठीभाषक असतो आणि घेणारा पुष्कळदा अरबीभाषक. दोघांमधील पत्रव्यवहार मात्र इंग्रजीत चालतो, म्हणजे दोघांच्याही दृष्टीने परक्या भाषेत. भारत आणि संयुक्त अरब अमिराती यांच्यातील व्यापक आर्थिक भागीदारी करार १ मे २०२२ पासून अमलात आला आहे.

व्यवहार सुरळीत असतो तोवर दर, वजन आणि तारीख एवढ्या शब्दांवर भागते. मणीगळ झाली, देठ सुकले, पेट्या कमी भरल्या किंवा पैसे थकले की शब्दांची खरी कसोटी लागते. चुकीचा शब्द वापरल्यास साधी विचारणा आरोपासारखी वाचली जाते आणि सौजन्याचे वाक्य चुकीची कबुली ठरू शकते. मतभेद व्यक्त करण्याच्या इंग्रजी शब्दांचा आणि मराठी व अरबी भाषकांना त्यात येणाऱ्या अडचणींचा हा आढावा.

शब्द एकच, अर्थ दोन

मराठीत भांडणासाठी आणि न्यायव्यवहारासाठी वापरले जाणारे अनेक शब्द मुळात अरबी आहेत. दख्खनच्या सुलतानशाह्यांत राज्यकारभाराची भाषा फारसी होती आणि त्या वाटेने हे शब्द मराठीत आले. शिवकाळात राज्यव्यवहारकोश रचून त्यांना संस्कृत पर्याय देण्याचा प्रयत्न झाला. नाशिकजवळच्या भगूर येथे १८८३ साली जन्मलेल्या विनायक दामोदर सावरकरांनी विसाव्या शतकात भाषाशुद्धीचा आग्रह धरला. तरीही वादाच्या प्रसंगी मराठी माणसाच्या तोंडी आजही हेच शब्द येतात. माधव जूलियन, म्हणजेच माधव त्रिंबक पटवर्धन, यांच्या १९२५ साली प्रसिद्ध झालेल्या फारसी-मराठी कोशावरून या देवघेवीचा विस्तार लक्षात येतो.

मात्र प्रवासात या शब्दांचे अर्थ बदलले. ‘तक्रार’ या शब्दाचा अरबीतील अर्थ केवळ ‘पुनरावृत्ती’ असा आहे. ‘हुज्जत’ म्हणजे अरबीत पुरावा किंवा सयुक्तिक प्रतिपादन. मराठीत हुज्जत घालणारा मनुष्य नेमका पुराव्यावाचून बोलत असतो. ‘हरकत’ म्हणजे अरबीत हालचाल, मराठीत आक्षेप. ‘खुलासा’ म्हणजे तेथे सारांश, येथे स्पष्टीकरण. ‘राजीनामा’ हा अरबी ‘राजी’ आणि फारसी ‘नामा’ यांचा जोड. एकेकाळी तडजोडीच्या लेखाला हे नाव होते, आज ते पद सोडण्याच्या पत्राला आहे.

व्यापाऱ्याने विशेष लक्षात ठेवावा असा शब्द म्हणजे ‘वकील’. अरबीत त्याचा मूळ अर्थ ‘मुखत्यार’ असा असून आखातात व्यापारी प्रतिनिधीलाही वकील म्हणतात. न्यायालयात बाजू मांडणाऱ्याला तेथे ‘मुहामी’ म्हणतात. त्यामुळे खरेदीदाराने आपला ‘वकील’ भेटायला येईल असे कळविल्यास तो खटल्याच्या तयारीत आहे, असे समजण्याचे कारण नाही. ‘दावा’ हा शब्द मात्र दोन्हीकडे जवळपास सारखाच राहिला आहे.

मतभेदाच्या पायऱ्या

इंग्रजीतील मतभेदाचे शब्द तीव्रतेनुसार एका जिन्यासारखे मांडता येतात. खालची पायरी सोडून एकदम वरची गाठली की समोरच्याला ती चाल आक्रमक वाटते.

पहिली पायरी ‘डिस्कशन’, म्हणजे चर्चा. येथे मतभेद असेलच असे नाही. दुसरी ‘डिफरन्स ऑफ ओपिनियन’ किंवा ‘डिसअ‍ॅग्रीमेंट’, म्हणजे मतभेद. यात राग गृहीत नाही. ‘डिबेट’ म्हणजे नियमबद्ध वादविवाद, मग तो सभेत असो वा संसदेत.

‘आर्ग्युमेंट’ हा शब्द दुहेरी आहे. न्यायालयात किंवा प्रबंधात त्याचा अर्थ युक्तिवाद, तर घरात किंवा दुकानात त्याचा अर्थ वादावादी. मराठीतील ‘वाद’ शब्दाचेही तसेच आहे. प्राचीन न्यायशास्त्राने या संदिग्धतेवर उपाय म्हणून तीन वेगळी नावे दिली होती. सत्य जाणून घेण्यासाठी चालतो तो वाद, जिंकण्यासाठी चालतो तो जल्प आणि स्वतःचा पक्ष न मांडता केवळ दुसऱ्याचे खंडन करीत राहणे म्हणजे वितंडा. इंग्रजीत हा भेद सोबतच्या शब्दांनी दाखवावा लागतो. ‘अ स्ट्राँग आर्ग्युमेंट’ म्हणजे भक्कम युक्तिवाद, तर ‘अ हीटेड आर्ग्युमेंट’ म्हणजे तापलेली बाचाबाची.

‘क्वारल’ म्हणजे व्यक्तिगत भांडण. भाऊ, शेजारी, मित्र यांच्यातील बेबनावाला हा शब्द शोभतो. दोन कंपन्यांमधील मतभेदाला तो वापरल्यास पोरकटपणा आल्यासारखे वाटते. ब्रिटिश वृत्तपत्रांत आढळणारा ‘राउ’ हा शब्दही भांडणाचाच. त्याचे लेखन ‘रांग’ या अर्थाच्या ‘रो’ शब्दासारखेच असते, उच्चार तेवढा वेगळा.

‘डिस्प्यूट’ ही व्यावसायिक व कायदेशीर व्यवहारातील पायरी होय. मालाची प्रत, देय रक्कम किंवा जमिनीची हद्द यांवर दोन पक्षांनी परस्परविरोधी भूमिका घेतल्या म्हणजे तो ‘डिस्प्यूट’. त्याहून व्यापक आणि दीर्घकाळ चालणारा संघर्ष तो ‘कॉन्फ्लिक्ट’. सार्वजनिक चर्चेचा विषय झालेला वाद ‘कॉन्ट्रोव्हर्सी’ ठरतो.

तक्रार, दावा आणि नकार

‘कम्प्लेंट’ म्हणजे तक्रार. माल असमाधानकारक आहे एवढेच ती सांगते. ‘क्लेम’ म्हणजे भरपाईची निश्चित मागणी. ‘रिजेक्शन’ म्हणजे माल स्वीकारण्यासच नकार. या तिन्हींचे आर्थिक परिणाम अगदी भिन्न असतात. २०१० च्या हंगामात क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढरोधकाच्या अवशेषांवरून युरोपात भारतीय द्राक्षांच्या खेपा नाकारल्या गेल्या, तेव्हा ‘रिजेक्शन’ या एका शब्दाची किंमत नाशिकच्या बागायतदारांनी अनुभवली.

उत्तर देताना ‘डिनाय’ आणि ‘रिफ्यूट’ यांतील अंतर पाळावे. ‘डिनाय’ म्हणजे नाकारणे, ‘रिफ्यूट’ म्हणजे पुराव्यानिशी खोडून काढणे. ‘वुई रिफ्यूट युवर क्लेम’ असे लिहिणाऱ्याने कंटेनरमधील तापमानाची नोंद आणि माल भरतानाचा तपासणी अहवाल सोबत जोडलेला असावा. पुरावा हाती नसेल तर ‘वुई डू नॉट अ‍ॅक्सेप्ट’ हे अधिक प्रामाणिक होय.

‘रिग्रेट’ आणि ‘अपॉलॉजाइज’ यांतही असाच भेद आहे. मराठीत दिलगिरी व्यक्त करणे आणि माफी मागणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ‘वुई रिग्रेट द डिले’ हे दिलगिरीचे वाक्य झाले. ‘वुई अपॉलॉजाइज फॉर अवर मिस्टेक’ यात चूक आपली असल्याची कबुली आहे. चूक खरोखर आपली असेल तर दुसरे वाक्य लिहिण्यात कमीपणा नाही. ती कोणाची हे ठरायचे असेल तर पहिले वाक्य पुरेसे आहे.

दोघांच्या समान चुका

‘आय अ‍ॅम अ‍ॅग्री’ ही चूक मराठी आणि अरबी दोन्ही भाषकांकडून होते आणि तिचे कारणही सारखे आहे. मराठीत ‘मी सहमत आहे’ असे म्हणतात. अरबीत ‘अना मुवाफिक’, म्हणजे शब्दशः ‘मी सहमत’, असे म्हणतात. दोन्हीकडे सहमती हे विशेषण आहे, क्रियापद नाही. इंग्रजीत ‘अ‍ॅग्री’ हेच क्रियापद असल्याने ‘आय अ‍ॅग्री’ आणि ‘आय डिसअ‍ॅग्री’ एवढेच म्हणावे. मराठीतील ‘माफक’ हा शब्द याच ‘मुवाफिक’चे बदललेले रूप होय.

व्यक्तीशी सहमत असल्यास ‘अ‍ॅग्री विथ’, प्रस्तावास मान्यता द्यायची असल्यास ‘अ‍ॅग्री टू’ आणि दर किंवा तारीख उभयतांनी ठरविल्यास ‘अ‍ॅग्री ऑन’ असे शब्दयोग आहेत. ‘आय अ‍ॅग्री विथ यू’ म्हणजे तुमचे म्हणणे पटले. त्याने दर मान्य झाला असे ठरत नाही. ‘डिस्कस’ या क्रियापदापुढे मात्र काहीही लागत नाही. ‘दराबद्दल चर्चा’ या मराठी वळणामुळे ‘डिस्कस अबाउट’ असे लिहिले जाते, ते टाळावे. ‘अक्यूज’ला ‘ऑफ’ लागतो आणि ‘ब्लेम’ला ‘फॉर’.

‘डाउट’ हा शब्द भारतीयांना विशेष अडचणीत आणतो. वर्गात ‘सर, आय हॅव अ डाउट’ म्हणताना विद्यार्थ्याला केवळ प्रश्न विचारायचा असतो. परदेशी व्यापाऱ्याला मात्र ‘आय हॅव अ डाउट अबाउट युवर इन्व्हॉइस’ यात अविश्वास दिसतो. तेथे ‘आय हॅव अ क्वेश्चन’ असे म्हणणे सुरक्षित.

दूरध्वनीवर आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. अरबी वर्णमालेत ‘प’ हा ध्वनी नाही, त्यामुळे ‘प्राइस’ हा शब्द ‘ब्राइस’सारखा ऐकू येऊ शकतो. महत्त्वाचा आकडा वा शब्द बोलण्यावर न सोडता लगेच लिहून कळवावा.

नकाराची सौम्य भाषा

मराठीत ‘बघू’ हा पुष्कळदा नकाराचा मृदू प्रकार असतो. अरबीतील ‘इन्शाअल्ला’ हे प्रसंगानुसार ठाम इराद्याचे द्योतक असते किंवा विषय पुढे ढकलण्याचे. दोघांनाही आपापला संकेत कळतो, परस्परांचा कळेलच असे नाही. ‘वुई विल सी’ असे इंग्रजीत लिहून दोघेही निर्धास्त राहिले आणि मुदत उलटून गेली, तर दोष कोणाला द्यावा हा नवा वाद उभा राहतो. म्हणून ‘बाय थर्सडे’ असा दिवस घालून लिहावे.

‘यू आर राँग’ हे मराठीतील ‘तुमचं चुकतंय’ या वाक्याहून पुष्कळच कठोर आहे. ‘आय सी इट डिफरंटली’, म्हणजे मला ते निराळे दिसते, किंवा ‘आय अ‍ॅम अफ्रेड आय कॅनॉट अ‍ॅग्री’ असे म्हणण्याची इंग्रजीत रीत आहे. येथे ‘अफ्रेड’ म्हणजे भीती नव्हे, नाइलाज. ‘आय टेक युवर पॉइंट, बट’ या रचनेत समोरच्याचा मुद्दा लक्षात आल्याचे आधी सांगितले जाते, मग आपला मांडला जातो. ‘यू डिड नॉट पे’ याऐवजी ‘द पेमेंट हॅज नॉट रीच्ड अस’ असे लिहिले की वस्तुस्थिती तीच राहते, आरोप तेवढा गळून पडतो.

वाद मिटविण्याचे शब्द

‘कॉम्प्रमाइज’ म्हणजे तडजोड, दोघांनी थोडे थोडे सोडणे. ‘सेटलमेंट’ म्हणजे रक्कम व अटींसह झालेला अंतिम निकाल. ‘मेडिएशन’ म्हणजे मध्यस्थी. त्यात मध्यस्थ उभयतांना बोलते करतो, निर्णय लादत नाही. ‘आर्बिट्रेशन’ म्हणजे लवाद. त्याचा निवाडा दोन्ही पक्षांवर बंधनकारक असतो. भारतात लवादासाठी १९९६ चा आणि मध्यस्थीसाठी २०२३ चा कायदा आहे.

तडजोडीचा प्रस्ताव पाठविताना पत्राच्या शिरोभागी ‘विदाउट प्रेज्युडिस’ असे लिहिण्याची पद्धत आहे. हा प्रस्ताव वाद मिटविण्यासाठी असून पुढे खटला झाल्यास तो कबुली म्हणून वापरू नये, असा त्याचा आशय. ‘फोर्स मेजर’ या कलमाचाही करारात शोध घ्यावा. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने कांदा निर्यातीवर घातलेली बंदी मे २०२४ मध्ये उठली. अशा काळात माल न पोहोचणे हा ‘ब्रीच’, म्हणजे करारभंग, की आवाक्याबाहेरचा अडथळा, हे त्या कलमातील शब्दांवरून ठरते.

वादाचे पत्र लिहिताना क्रम सोपा ठेवावा. प्रथम कंटेनर क्रमांक, तारीख व वजन ही उभयतांना मान्य असलेली माहिती द्यावी. मग मतभेद नेमका कोठे आहे ते एका वाक्यात सांगावे, पुरावा जोडावा, आपली मागणी आकड्यात मांडावी आणि उत्तराची तारीख सुचवावी. शब्द निवडताना काम भागेल अशी सर्वांत खालची पायरी घ्यावी. ‘क्वेश्चन’ने काम होत असताना ‘कम्प्लेंट’ करू नये आणि ‘कम्प्लेंट’ने भागत असताना ‘डिस्प्यूट’ उभा करू नये. पुढच्या जानेवारीत नवी द्राक्षे तयार होतील, तेव्हा त्याच खरेदीदाराला पुन्हा पत्र लिहायचे असते.